खंडेनवमीच्या आत

आसारामला आयुष्यात एकच वाक्य पाठ होतं, पण कीर्तनकाराला अभंग पाठ नसेल इतकं पाठ होतं. "हात लावू नका." वाक्य एवढंच, पण ते म्हणायच्या तऱ्हा किती! शाळेच्या सहलीला वेगळा सूर, नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला वेगळा, आणि छावणीतले कुणी साहेब सहकुटुंब आले तर वाक्याच्या शेवटी एक 'साहेब' लागायचा आणि सगळं वाक्यच कमरेत वाकायचं. भिंगारच्या रस्त्याला एक दगडी, बुटकं संग्रहालय आहे, तिथं तो शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याला मिशीही धड फुटली नव्हती. आता ती पांढरी झाली होती. मधल्या काळात तलवारी गंजल्या, पेंढा भरलेल्या बिबट्याचा एक कान झडला. पण यातलं काहीही कुणाचा हात लागून झालेलं नाही, याचा आसारामला फार अभिमान होता.

अशा सुखी माणसाच्या पुढ्यात दिशा मॅडम येऊन दाखल झाल्या.

त्या संग्रहालयाच्या नव्या प्रमुख. वयानं त्याच्या थोरल्या मुलीएवढ्या, खांद्याला हीऽऽ मोठी झोळी. आल्या आल्या त्यांनी वस्तूंभोवतीचे दोर काढायला लावले. मग कपाटं भिंतीला सरकवून मधलं दालन मोकळं केलं आणि तिथं कधी मुळा धरणाच्या गाळानं रंगवलेली कापडं टांगली, कधी राहुरीच्या पोरांनी भंगारातल्या पंपांपासून केलेले पक्षी मांडले. "मामा," त्या म्हणायच्या, कारण हापिसातल्या शिपायाला आपल्याकडे मामाच म्हणतात, "संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचं गोदाम नाही. लोकांना इथं आपलं काहीतरी सापडलं पाहिजे." आसाराम तोंडानं "व्हय मॅडम" म्हणायचा आणि मनात म्हणायचा, सापडायला आधी हरवायला तर पाहिजे!

पण खोटं कशाला बोला, लोक यायला लागले. पूर्वी संग्रहालयात यायचे ते उन्हात सावली शोधणारे, नाहीतर बस चुकलेले. आता मुद्दाम वाट वाकडी करून येऊ लागले.

एके दिवशी चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "मामा, या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, आणि ऊस तोडणाऱ्यांची एक खूणसुद्धा आपल्याकडे नाही. मला कोयत्यांचं काहीतरी करायचंय. वापरलेले कोयते कुठं मिळतील?"

इथं आसारामची जीभ घसरली. गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण इतक्या वर्षांत संग्रहालयात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. छाती फुगवून तो म्हणाला, "आमच्या गावात या. घरटी दोन सापडतील."

गाव पाथर्डीकडचं, डोंगराच्या कडेचं. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर नुसतं आभाळ. दसरा झाला की निम्मं गाव टोळ्या करून ऊस तोडायला जातं आणि पाडव्याच्या पुढं परततं. आसाराम तेवढा नोकरीला लागून वाचला. त्याची थोरली बहीण लंकाबाई अजून जायची. तिचं माहेरही तेच आणि सासरही तेच, मधे फक्त एक ओढा. गावातल्या बायका दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत पण लंकाबाईचं ऐकत, म्हणून आसाराम आधी तिच्याच दारात गेला.

"कोयता? बघायला?" लंकाबाई म्हणाली. "आस्या, शहरात राहून येडा झालास का काय? कोयत्यात काय बघायचं?"

"आक्का, लई मोठं काम हाय. पेपरात येतं."

"येऊ दे न्हाईतर न येऊ दे. खंडेनवमीला कोयता माझ्या दारात पायजे. बिनपुजेचा कोयता मी उसाच्या फडात नेत न्हाई, आपल्या आईनंबी कदी नेला न्हाई."

"खंडेनवमीच्या आत आनून देतो. शब्द!" आसाराम म्हणाला. शब्द द्यायला काही अडचण नव्हती, कारण मॅडमनी प्रदर्शन पितृपक्षापर्यंतच ठेवायचं ठरवलं होतं. लंकाबाईनं आपला कोयता दिला, तिचं पाहून बाकीच्या बायकांनी दिले, आणि साठ-सत्तर कोयते गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून भिंगारला आले.

मॅडमनी ते दालनात छतापासून बारीक तारांनी टांगले. पाती वर, मुठी खाली, डोक्याच्या वीतभर वर. प्रत्येक मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, घामानं काळी पडलेली. खाली उभं राहिलं की वाटायचं, हात वर केला की झालं. आणि मॅडमना नेमकं तेच हवं होतं. "मामा, इथं लोकांना हात लावू द्यायचा. मूठ धरून बघू द्यायची. तेच तर प्रदर्शन आहे."

आसारामवर आभाळ कोसळलं. ज्या तोंडानं जन्मभर नको म्हटलं त्या तोंडानं आता "धरा, धरा" कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी एका कॉलेजच्या पोरीनं मूठ धरली तेव्हा तो सवयीनं इतक्या जोरात खेकसला की पोरगी रडायचीच बाकी राहिली. हळूहळू त्यानं स्वतःला आवरलं. लोक मुठी धरायचे, कुणी डोळे मिटायचे, कुणी सेल्फी काढायचे. एकटा आसाराम मात्र त्या कोयत्यांना बोट लावत नसे. ते त्याच्याच्यानं होईना.

प्रदर्शन गाजलं. शाळा यायला लागल्या, संगमनेर-कोपरगावकडून गाड्या आल्या. पितृपक्ष सुरू व्हायच्या सुमाराला मॅडम पेढे घेऊनच आत आल्या. "मामा, मुदत वाढली! संक्रांतीपर्यंत!"

आसारामनं पेढा खिशात टाकला. आता सांगायचं की नाही? मॅडमना सांगावं तर त्यांचा आनंद बघवत नव्हता, इतका खरा होता. बहिणीला सांगावं तर तिच्यापुढं उभं राहायची छाती नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस दोघींपैकी एकीला तरी सांगतो. आसारामनं कुणालाच सांगितलं नाही. आक्काचा फोन आला की मोबाईल वाजू द्यायचा आणि घंटा थांबली की त्याच्याकडे असं बघायचं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

शेवटी त्याला एक शक्कल सुचली. बाजारातून त्यानं एक नवा कोयता आणला. राख, विटेचा चुरा आणि गोडेतेल लावून त्याचा नवेपणा घालवला, मुठीला बायकोच्या जुन्या साडीची पट्टी बांधली. हा टांगायचा आणि आक्काचा काढायचा. बाकीच्यांचं पुढं बघू. जन्मभर चोरांवर नजर ठेवलेला माणूस एका सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी शर्टात कोयता लपवून दालनात शिरला.

आणि तिथं त्याची पंचाईत झाली. आक्काचा कोयता कोणता?

त्यानं एक रांग पाहिली, दुसरी पाहिली. सगळी पाती सारखी, सगळ्या मुठी काळपट. आक्का जांभळं लुगडं नेसते एवढं त्याला आठवत होतं. जांभळ्या पट्टीच्या मुठी निघाल्या चार. एवढे दिवस रोज समोर उभा असून त्याला सख्ख्या बहिणीचा कोयता ओळखता येईना. त्यानं त्या चार मुठींपैकी एकीकडे हात नेला तोच मागून आवाज आला, "मामा? इतक्या लवकर?"

"धूळ... धूळ पुसतोय मॅडम."

"किती जीव लावता हो तुम्ही!" दिशा मॅडम म्हणाल्या. पोटाशी नवा कोयता टोचत होता आणि आसारामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याच दुपारी पुन्हा फोन आला आणि त्यानं तो उचलला.

"आस्या, मेलास का काय? कोयतं कवा आनतो? मुकादम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावनार हाय."

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. आसाराम म्हणाला, "आक्का, तूच ये की खंडेनवमीला. तुला बघायलाबी मिळंल, कसं टांगलंय ते."

भित्र्या माणसाला वाटतं, संकट स्वतःहून आलं की आपल्याला बोलावं लागत नाही.

खंडेनवमीला एक टेम्पो संग्रहालयाच्या फाटकाशी थांबला आणि त्यातून बायका उतरतच राहिल्या. पुढं लंकाबाई, मागं तिची शेजारीण रतनबाई नारळांची पिशवी घेऊन, त्यांच्या मागं अख्खी टोळी. देवळात जावं तशा त्यांनी चपला बाहेर काढल्या. आत पाऊल टाकून लंकाबाईनं वर बघितलं.

"आगं बया!" ती म्हणाली.

मग बायका त्या मुठींखालून फिरू लागल्या. हात वर करायच्या, मूठ धरायच्या, सोडायच्या, पुढं जायच्या. बाजारच्या गर्दीत आपलं पोर शोधतात तशा. लंकाबाईला फार हिंडावं लागलं नाही. तिसऱ्या रांगेत एक मूठ धरून ती थांबली. पट्टी पोपटी होती, काठाला बारीक जर. आसारामनं ती पाहिली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जांभळं शोधत बसला होता तो, आणि हे लुगडं त्यानंच तिला पहिल्या पगारातून भाऊबीजेला घेतलं होतं.

बायकांनी हळद-कुंकू काढलं. मुठींना बोटं लागली, पात्यांना झेंडू अडकले, फरशीवर नारळ फुटला. दिशा मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मामा, हेच! मला हेच पाहिजे होतं. संग्रहालयात लोक येऊन आपल्या वस्तूंची पूजा करतायत!" त्यांना वाटलं आसारामनंच हे घडवून आणलं.

पूजा झाली. लंकाबाईनं पदरानं घाम टिपला आणि म्हणाली, "हं, आता काढा."

"काय काढा?" मॅडमनी विचारलं.

"कोयतं. परवा निगायचंय आमाला."

मॅडमनी आसारामकडे पाहिलं. लंकाबाईनंही आसारामकडे पाहिलं. आसारामनं फुटलेल्या नारळाकडे पाहिलं.

"मावशी, प्रदर्शन संक्रांतीपर्यंत आहे," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "मी तुम्हाला सगळ्यांना नवे कोयते घेऊन देते. आजच."

"मग नवंच टांगा की हितं."

"नव्यांत ती गोष्ट येणार नाही, मावशी. हाताची खूण, घाम..."

"आमालाबी नव्या कोयत्यानं तोड जमत न्हाई," लंकाबाई म्हणाली. "हाताला फोड येत्यात. आन माझ्या भावानं शब्द दिलाय. इचारा त्याला."

ती रागावलेली नव्हती. तिला खात्री होती. तिच्या त्या खात्रीनंच आसारामचा जीव कासावीस झाला. धाकटा भाऊ शब्द मोडेल हे तिच्या मनात येतच नव्हतं, आणि तो तर महिनाभर दुसरं काही करत नव्हता.

"दिला व्हता मॅडम," तो म्हणाला. "खंडेनवमीच्या आत. तुमी मुदत वाढवली तवाच सांगायला पायजे व्हतं. भ्यालो."

आणि मॅडमचं उत्तर यायच्या आधी त्यानं टेबलाच्या खणातून पक्कड काढली. तिसऱ्या रांगेत जाऊन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयातल्या वस्तूला मुद्दाम हात घातला, पोपटी मूठ घट्ट धरली आणि तार कापली. कोयत्याचं वजन हातात उतरलं. एवढं जड? हे ती दिवसभर उचलते? कोयता बहिणीच्या हातात देताना त्याला नीट बघवलं नाही.

दिशा मॅडम जागच्या हलल्या नाहीत. कित्येक महिन्यांचं काम डोळ्यांदेखत उतरत होतं, राग तर आलाच असणार. मग त्यांनी झोळी खाली ठेवली, एक स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "मामा, दुसरी पक्कड आहे का?"

दसऱ्याची सुट्टी संपून संग्रहालय उघडलं तेव्हा दालनात नुसत्या तारा लोंबत होत्या. मॅडमनी त्या काढू दिल्या नाहीत, फरशीवरचं कुंकूही पुसू दिलं नाही. वरच्या साहेबांपैकी कुणीतरी कागदोपत्री आरडाओरडा केला, तो त्यांनी एकटीनं झेलला आणि प्रदर्शन संक्रांतीपर्यंत चालूच राहील असं ठणकावून सांगितलं. आसारामला वाटलं, आता काळं कुत्रंही फिरकणार नाही. पण लोक येत राहिले.

कार्तिकात पुण्याहून एक गृहस्थ आले. रिकाम्या तारांखाली गोल गोल फिरले आणि आसारामपाशी येऊन म्हणाले, "अहो, कोयत्यांचं प्रदर्शन इथंच ना? कोयते कुठायत?"

"कामावर गेलेत," आसाराम म्हणाला. "श्रीगोंद्याला, फडात."

गृहस्थ हसले. आसाराम हसत नाही हे पाहून थांबले. "मग परत कधी येणार?"

"पाडव्याच्या पुढं." त्यानं वर तारांकडे पाहिलं. "सगळी धड आली म्हंजे झालं."