फोनवरची वऱ्हाडी
पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘मले’ निघालं आणि सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने साहेब हसले. मग मीही हट्टाने पुण्यासारखं बोलायला लागले.

एकदा दुपारी ऑफिसच्या फोनवरून गावी, मोताळ्याला, बाबांना विचारलं, ‘जेवलात का?’

‘मॅडम, आमाले विमागिमा नाही पाह्यजे,’ म्हणत त्यांनी फोन कापला.

माझं डोकंच फिरलं. पुन्हा लावला आणि सगळ्यांदेखत ओरडले, ‘बाबा, मी व्हय ना! फोन काऊन कापून राह्यले?’

तिकडे बाबा हसत सुटले, इकडे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब माझ्या टेबलाशी आले. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

ते हळूच म्हणाले, ‘डोणगाव ठाऊक हाये काय तुले? मी तिथला व्हय.’

मी म्हटलं, ‘मंग जोरात सांगा नं, साहेब!’