अण्णांच्या कम्प्युटरमधली रॅम

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये कम्प्युटरचं छोटं दुकान चालवणाऱ्यांना मी अण्णा म्हणते. वयाने मोठे असूनही ते मला अक्का म्हणतात. मूळचे निपाणीकडचे. कुठलाही पार्ट उचलण्याआधी, अंगातली वीज उतरावी म्हणून, ते शटरच्या लोखंडाला हात लावतात.

नव्या डेस्कटॉपसाठी मी ऑनलाइन मागवलेली रॅम, त्यांच्या दुकानात जोडणी करताना, मदरबोर्डात बसेना. मी जोर लावायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"स्वल्प थांबा की अक्का. खाच बघा. ही डीडीआर फाइव्ह, तुमचा बोर्ड फोरचा. बसायची नाही."

फोरची रॅम दुकानातही संपली होती. दोन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली माझी नोकरी दुसऱ्या दिवशी, घरूनच, सुरू होणार होती. हे मी त्यांना सांगितलं.

अण्णांनी स्वतःचा कम्प्युटर बंद केला, त्यातल्या रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि माझ्या बोर्डात बसवल्या.

"आणि तुमचं काम?"

"फोनवर भागवतो की. पहिल्याच दिवशी खाडा नको."

सकाळी मी लॉगिन करते न करते तोच त्यांचा फोन आला.

"चालू झाला?"

"झाला, अण्णा."

फोन ठेवायच्या आधी ते दुकानात कुणाला तरी कानडीत मोठ्याने सांगत होते. आमच्या अक्काची नोकरी सुरू झाली, एवढं मला कळलं.