पट्टीनं मारलेली लाल रेघ

डॉन सातुर्निनो मास्तरांच्या लाल पेन्सिलीला दोन कामं होती. दिवसा शाळेत मुलांचे निबंध तपासायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कादंबऱ्या कापायच्या. या दुसऱ्या कामाचा माद्रिदमधल्या त्यांच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. सरकारच्या सेन्सॉर कचेरीतून हस्तलिखित यायचं, सोबत छापील प्रश्न: धर्माची निंदा आहे का, राजवटीवर टीका आहे का. अहवालाखाली नाव नाही, नुसता क्रमांक. यादवी युद्धानंतर कितीतरी मास्तरांना नव्या राजवटीनं घरी बसवलं. यांना निष्ठेची शपथ घ्यायला लावून परत घेतलं होतं. तेव्हापासून बिचारे खालच्या दारवाल्या बाईलाही वचकून असत. ती कुणाकडे काय आलं ते पोलिसांना सांगते, असं सगळे म्हणायचे.

एकदा लिबोरिओची कादंबरी आली. लिबोरिओ त्यांचा गावाकडचा विद्यार्थी. वाचता वाचता मास्तरांना तिच्यात ते स्वतःच भेटले: तुरुंगातल्या नवऱ्यांसाठी बायकांना चोरून पत्रं लिहून देणारा मास्तर. हे खरंच घडलेलं. जन्मात केलेलं एवढं एकच धाडस. कुणी ओळखलं तर? त्यांनी पट्टी घेतली आणि ती दोन पानं ओळ न् ओळ खोडली.

लिबोरिओनं पानं गाळली नाहीत. इथल्या कितीतरी पुस्तकांसारखी त्याचीही कादंबरी समुद्रापलीकडे, मेक्सिकोत छापली गेली आणि पेटीत लपून मायदेशी आली. तीन वर्षांनी तो स्वतःच ती घेऊन दारात उभा राहिला. ओळखू येऊ नये म्हणून त्यावर पाककृतींच्या पुस्तकाचं वेष्टण होतं.

"कुणी खोडली होती रे पानं, कळलं का?" मास्तरांनी विचारलं. न विचारणं जास्त वाईट दिसलं असतं.

"बाकीचे सेन्सॉर नुसते फराटे ओढतात, मास्तर. माझ्या पानांवर पट्टीनं मारलेल्या रेघा होत्या. माझ्या निबंधांवर असायच्या, तशाच."

मास्तरांची मान खाली गेली. लिबोरिओनं पहिलं पान उघडून समोर धरलं. त्यावर छापलं होतं: मला वाचायला शिकवणाऱ्या डॉन सातुर्निनोंना.

"माहीत असून छापलंस?"

"शिकवलंत तेही तुम्हीच ना. नाव नको असेल तर खोडा. पेन्सिल तुमच्या खिशात असतेच."

तो थट्टेत म्हणाला. मास्तरांनी मात्र खरंच पेन्सिल काढली. "मी त्या लायकीचा नाही रे," असं तोंडानं म्हणाले, पण डोक्यात दारवाली होती. पानावर पट्टी ठेवून त्यांनी स्वतःचं नाव खोडलं. लिबोरिओनं वेष्टण नीट चढवलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेला.

रेघ सरळ आली होती. हात जराही थरथरला नव्हता, आणि त्याचीच लाज त्यांना मरेपर्यंत पुरली.