साडेनऊ गुणांचं ओझं

शनिवारी दुपारी व्हर्लन प्रुइट पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाही. अलाबामात, हातात चेंडू घेऊन पळायच्या त्यांच्या फुटबॉलच्या दिवसांत, धडधाकट माणूस टीव्हीपुढे नाही म्हटल्यावर शेजारी काळजीने विचारायला येतात. हा पठ्ठ्या नोव्हेंबरातही गवत कापायचं यंत्र काढून बोडक्या जमिनीवर फिरवत राहतो. बायको नडीन खिडकीतून बघते आणि काही बोलत नाही. तिने एकदा बोलून टाकावं असं त्याला फार वाटतं, आणि ती बोलेल याची भीतीही वाटते.

एके काळी गावात त्याच्याइतका जाणकार नव्हता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणं हा पोटाचा धंदा. जीव सगळा शुक्रवार सकाळच्या मंडळीत. पेट्रोल पंपावरच्या दुकानात पाच-सहा जण उकडलेल्या शेंगा सोलत दुसऱ्या दिवशीचे कॉलेजांचे सामने निवडायचे. नुसतं कोण जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल. इथे सट्टेवाल्यांनी काढलेला आकडा धरायचा. तगड्या संघावर साडेनऊचं ओझं असेल तर त्याने निदान दहा गुणांनी जिंकायला हवं. कमीने जिंकला तर त्याला निवडणारा हरला. पैसे कोणी लावत नसे. ज्याच्या निवडी सर्वांत जास्त खऱ्या ठरतील त्याचा फोटो वर्षभर भिंतीवर, बस्स. पण त्या फोटोसाठी ही टकली माणसं हमरीतुमरीवर येत.

एका वर्षी शेवटच्या आठवड्यात व्हर्लन आणि हॉइट सायझमोर बरोबरीत आले. हॉइट लाकडाच्या वखारीचा मालक, तोंडाळ, आणि व्हर्लनचा शाळेपासूनचा मित्र. बरोबरी झाली की एकच सामना धरायचा आणि दोघांनी विरुद्ध बाजू घ्यायच्या, असा मंडळीचा रिवाज. सामना निघाला केडच्या कॉलेजचा, आणि त्यांच्या संघावर ओझं साडेनऊचं. केड व्हर्लनचा एकुलता एक मुलगा. चेंडू घेऊन पळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नाणं उडवलं आणि पहिली निवड हॉइटला मिळाली.

"मी केडच्या बाजूने," हॉइट दात काढत म्हणाला. "घे आता, जा पोटच्या पोराविरुद्ध!"

"सोडून दे ना, व्हर्लन," दुकानवाली म्हणाली.

"सोडतो कशाला? पोरं जिंकतीलच की. साडेनऊने नाही जिंकणार, एवढंच."

कोणती बाजू घेतली ते मात्र त्याने घरी सांगितलं नाही.

शनिवारी पुढच्या खोलीत टीव्हीवर केडचा संघ सहा गुणांनी पुढे होता आणि सामना संपत आला होता. सगळं व्हर्लनच्या मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात केड चेंडू घेऊन गर्दीतून सुटला आणि मोकळ्या मैदानात शेवटच्या रेषेकडे धावत निघाला. रेषा ओलांडली की आणखी सहा गुण, म्हणजे बाराची आघाडी आणि फोटो हॉइटचा. व्हर्लन खुर्चीतून उठला आणि ओरडला, "पाडा! अरे, पाडा त्याला!"

पाडलं. रेषा दोन पावलांवर असताना एक दांडगा पोरगा बाजूने येऊन आदळला आणि केडचा गुडघा नको तिकडे वळला. नडीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाने भरलेले. तिने काय काय ऐकलं हे व्हर्लनला अजून माहीत नाही.

शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय ताठच राहिला. केड गावी परतला आणि बापाच्या हाताखाली बसगाड्या दुरुस्त करू लागला. व्हर्लनने आपला फोटो लावू दिला नाही, पंपावर जाणंही सोडलं. आवाज मात्र सुटला नाही. पुढच्या खोलीत शिरलं की स्वतःचीच ती आरोळी त्याला ऐकू यायची, इतकी स्पष्ट की तो दचकून मागे वळायचा. हळूहळू ती गॅरेजमध्येही येऊ लागली.

यंदा केडनेच विषय काढला. "बाबा, येत्या शुक्रवारी मी पंपावर जाणार. हॉइटकाकांनी बोलावलंय."

हॉइटच्या तोंडात तीळ भिजत नाही. पोराने हे ऐकायचंच असेल तर बापाच्या तोंडून ऐकावं, असं व्हर्लनने ठरवलं.

त्याआधीच्या शनिवारी केड लंगडत अंगणात आला. "बंद करा ते, बाबा. माती कापताय का?"

"केड, त्या सामन्याबद्दल मला तुला..."

"थांबा, आधी मी. नाहीतर धीर व्हायचा नाही. कोचने सांगितलं होतं, सुटलास तर रेषेच्या अलीकडे आपणहून खाली बस. चेंडू आपल्याकडेच राहील, वेळ संपेल, जिंकलो. मी बसणारच होतो." तो कसनुसा हसला. "मग डोक्यात आलं, साडेनऊ! आईने फोनवर सांगितलं होतं ना, तुमची बरोबरी झालीय आणि सामना आमचाच निघालाय. म्हटलं, म्हातारा आपल्या भरवशावर बसलाय. तुम्ही थोडेच माझ्याविरुद्ध जाणार होता?"

व्हर्लन यंत्राच्या पात्याला चिकटलेली माती खरवडू लागला.

"दोन पावलं कमी पडली. फोटो हॉइटकाकांचा लागला असेल. राग आला होता का हो माझा?"

"नाही रे, पोरा," व्हर्लन कसंबसं म्हणाला. आता हे त्याला जन्मात सांगता येणार नव्हतं.

तो तसाच हॉइटकडे गेला. सगळं सांगितलं आणि हात जोडले. "शुक्रवारी एवढंच म्हण, त्या वर्षी तू केडविरुद्ध होतास आणि तूच जिंकलास."

हॉइटने त्याचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाला, "म्हणेन. पण व्हर्लन, मला दुसरीच बाजू घ्यायची होती रे. तुला चिडवायला म्हणून मी केडचं नाव घेतलं."