ऑक्टोपॅडमधली हलगी

सोनपेठच्या माझ्या मंगल कार्यालयात एक तरुण पोरगा ऑक्टोपॅड वाजवतो. नवं यंत्र घेतलं की डोळे मिटून एकेका पॅडवर टिचकी मारतो आणि म्हणतो, “बोल की बाबा.” यंदाच्या यंत्रात त्याने आमच्या म्हाताऱ्या हलगीवाल्याचा ठेका रेकॉर्ड करून आणला. अगदी हुबेहूब.

मी म्हणाले, “मग आता काकांना कशाला बोलवायचं?”

कोपऱ्यात हलगी शेकत बसलेल्या काकांचा हात थांबला.

“ताई, ह्ये मांडवात वाजवायला न्हाई. घरी ऐकून शिकायलोय. लय चुकतंय अजून.” एवढं बोलून त्याने यंत्र बंद केलं आणि तो काकांकडे वळला. “काका, तुमी सुरू करा. मी येतो मागनं.”

पुढच्या लग्नाचा निरोप काकांना मीच धाडला.