दोन शिळफाटे

सहलीचा तक्ता मी आठ दिवस आधी केला होता. साडेसहाला कर्जतच्या भिसेगावहून निघायचं, सात दहाला शिळफाटा, तिथून जुन्या रस्त्याने घाट, शिंगरोबाच्या देवळापाशी पाच मिनिटं आणि नऊच्या आत भाजे लेणी. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लेण्यांच्या पायऱ्या त्यांनी ऊन चढायच्या आत चढाव्यात, एवढाच हिशेब त्यात होता.

धाकटी बहीण मुलीला घेऊन आदल्या दिवशीच माहेरी आली होती. तिचे यजमान ठाण्याहून नवी सात सीटची गाडी घेऊन परस्पर शिळफाट्याला येणार होते. चहा पिताना बाबांनी जाहीर केलं, की शिळफाट्यापासून ते जावयांच्या गाडीत पुढे बसणार. घाटात जावयांना वाट दाखवायला कोणीतरी पाहिजे.

माझी गाडी नऊ वर्षांची आहे. या नऊ वर्षांत दवाखाना, बँक, लग्नं, दहाव्याची कार्यं, सगळीकडे बाबा माझ्या शेजारच्या सीटवर बसून गेले आणि बोलले ते फारतर "पुढं खड्डा हाय" एवढंच. जावई आले की मात्र दहिवलीच्या शेतापासून राजमाचीपर्यंतच्या गोष्टी निघतात. तरुणपणी बाबा पायी घाट चढून जात, हे मला जावयांना सांगताना ऐकून कळलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी भरत होतो.

त्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मी वेळा टाकल्या. 'सात दहा, शिळफाटा' लिहिलं आणि बोट थांबलं. मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नटाच्या मापाचा एक आकडा राहिला तरी मागणीची चिठ्ठी परत करतो. शिळफाटे दोन आहेत, एक आपला आणि एक तिकडे कल्याण-मुंब्र्याच्या बाजूला, हे मला माहीत होतं. ठाण्याच्या माणसाला दुसराच आधी आठवेल, हेही माहीत होतं. 'खोपोलीचा' हा एक शब्द घालायचा होता. मी तो घातला नाही आणि मेसेज पाठवून दिला.

सकाळी माझ्या गाडीत बाबा, बायको, बहीण आणि भाची होती. पळसदरीपर्यंत धुकं होतं. सोळा किलोमीटर संपून शिळफाट्याला पोचलो तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. सात वीसला बहिणीने फोन लावला. यजमान म्हणाले, ते कधीचे येऊन पुलाखाली उभे आहेत. कुठल्या पुलाखाली, हे तिने विचारलं आणि डोक्याला हात लावून हसायलाच लागली. ते तिकडच्या शिळफाट्याला होते. यायला तासभर तरी लागणार होता.

मी बाबांना म्हटलं, आपण पुढे होऊ, ते येतील मागून थेट भाज्याला. मला नेमकं हेच हवं होतं. घाट, सकाळची वेळ आणि बाबा माझ्या शेजारी.

बाबा दार उघडून खाली उतरले. "जावई एकलेच येतील व्हय? आमी हितंच थांबतो."

कानटोपी खाली ओढून ते चहावाल्याच्या बाकावर बसले. धुकं विरून समोर नागफणीचा सुळका उन्हात स्वच्छ दिसायला लागला होता. बाबांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते खालापूरकडून येणाऱ्या गाड्या बघत होते. मी तासभर तिथे उभा होतो. मी कुठून परत येताना त्यांनी माझी अशी वाट पाहिली होती का, ते आठवत होतो.

मध्येच ते म्हणाले, "तू तर तांदळाच्या पोत्यावर पन खडूनं नंबर घालतोस. मग फाटा कुठला, ते लिवायचं कसं राह्यलं रं?"

मी चहाचे ग्लास परत द्यायला गेलो.

साडेआठला मेहुणे आले. ओशाळले होते. "माझीच चूक. मनात आलं होतं, कर्जतची माणसं एवढ्या लांब उलटी कशाला येतील. पण म्हटलं, दादांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल."

हे मला सहन झालं नाही. "चूक तुमची नाही," मी म्हटलं. "दोन फाटे आहेत हे मला माहीत होतं." मेहुणे हसले. त्यांना वाटलं, मी मोठेपणाने म्हणतोय. बाबा हसले नाहीत. काठी घेऊन ते जावयांच्या गाडीत पुढे जाऊन बसले.

घाटभर माझी गाडी त्यांच्या मागे होती. बाबांचा हात खिडकीतून अकरा वेळा बाहेर आला. एकदा शिंगरोबाला, एकदा नागफणीला. बाकी नऊ वेळा त्यांनी काय दाखवलं, मला माहीत नाही. भाज्याला लेण्यातले स्तूप मी मोजले, चौदा भरले. बाबांना सांगायला गेलो तर ते जावयांना कातळावरचे छिन्नीचे घाव दाखवत होते. माझी बायको म्हणाली, "अहो, तोंड किती पाडायचं? फोटोत पण दिसतंय."

परतताना मेहुणे, बहीण आणि भाची लोणावळ्याहून थेट ठाण्याला जाणार होते. बाबा माझ्या गाडीकडे आले.

"आता मी झोपनार," ते म्हणाले. "त्यांच्या गाडीत डोळा लावता येत नाय. त्यांना घाट म्हाईत नाय. तुला हाय."

आणि ते खरंच खंडाळ्यालाच झोपले. कानटोपी एका बाजूला सरकली होती. उतारावर मी चाळीसच्या वर गेलो नाही. वळणावर त्यांचं डोकं माझ्या खांद्याकडे यायचं आणि परत जायचं. तरी मनात त्या नऊ वेळाच होत्या.

कर्जतकडे वळायला गाडी थांबली तसे ते जागे झाले. बाहेर बघत त्यांनी विचारलं, "कुठं आलो?"

"शिळफाटा."

"कुठला?"

"खोपोलीचा," मी सांगितलं.

बाबा "हां" म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.