माझं मीच काय सांगू?

मुलाखती घेण्यात माझी वीस वर्षं गेली. आमच्या दूध संघात तपासनीस घ्यायचे असले की कोल्हापूरच्या ऑफिसात मी टेबलावर दोन ग्लास दूध ठेवायची. एक ताजं, एक उतरायला लागलेलं. उमेदवारानं नुसत्या वासावर ओळखायचं, बाकीचे प्रश्न नावाला. कॅनचं झाकण उघडल्या उघडल्या ज्याच्या नाकाला कळत नाही, त्याची पदवी काय चाटायचीय?

यंदा नवे साहेब आले आणि म्हणाले, मुलाखती मोबाईलवर. उमेदवारानं घरी बसून पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. मशीन ती ऐकणार, लिहून काढणार, वर गुणही देणार. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. पंधरा दिवसांचं काम दोन दिवसांत उरकलं. तान्हं पोर काखेत मारून कुणाला एसटीनं यावं लागलं नाही. मी स्वतः साहेबांना चहा पाजला.

मग यादी आली. हातकणंगल्याच्या बाजूला माझं सासर, तिथल्या दूध संकलन केंद्रावरची जागा होती. त्याच गावातली एक बाई यादीत सगळ्यात तळाला. पुढं शेरा: अपात्र, दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतली. आता मुलाखतीत कॉपी करणारी बाई असते तरी कशी, म्हणून मी तिचं रेकॉर्डिंग उघडलं.

डोक्यावर पदर, मागं गोठा. मशीननं विचारलं, "तुमच्यातले चांगले गुण सांगा." बाई लाजून हसली.

"अगं बाई! माझं मीच काय सांगू? आपल्या तोंडानं आपलंच कौतुक बरं दिसतंय व्हय? थांबा, आत्याबाईंनाच इचारा की." आणि मोबाईल सरळ सासूच्या तोंडापुढं.

सासू म्हशीची धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "हिचं काय सांगू, पावणं! लई हट्टी. गेल्या म्हैन्यात म्हशीला डॉक्टरनं सुई टोचली. औषध दुधात उतरतंय म्हणं! तीन दिवस घरचं दूध डेअरीला घालू दिलं न्हाय हिनं. मी भांडलो, हिचा नवरा भांडला. न्हाय म्हंजे न्हाय. सगळं वतून दिलं. घ्या बाबा कामाला, तेवढीच घरात शांतता!"

मी ते तीनदा ऐकलं. दूध तपासायच्या जागेला याहून मोठी शिफारस मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. आणि मशीननं काय दिलं? शून्य! का, तर पडद्यावर दोन चेहरे दिसले.

डोकंच तडकलं माझं. तशीच केबिनमध्ये गेले. "साहेब, आमच्याकडं सोयरीक करायची म्हटली तरी पोरीची चौकशी शेजारणीकडं करतात. स्वतःचे ढोल बडवणाऱ्याला इथं कुणी दारात उभं करत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम. यादीवर सही करा."

"नाही करणार."

"मग मला तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल."

"लिहा की! शुद्धलेखन मी तपासून देते."

दोन दिवस यादी माझ्या टेबलावर बिनसहीची पडून राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबच म्हणाले, यादीतल्या वरच्या तिघांना आणि त्या बाईला बोलवा, घ्या तुमचे ते ग्लास. एकदाच.

पहिल्या नंबरच्या उमेदवारानं दोन्ही ग्लास हुंगले आणि दुधाच्या महत्त्वावर भाषण ठोकलं. बाकीच्या दोघांनी अंदाजानं बोट दाखवलं. बाईनं डावा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "ह्ये कालचं हाय. आणि ह्यो दुसरा ग्लास साबण लावून नीट इसळलेला न्हाय." साहेबांनी ग्लास उचलून हुंगला आणि परत ठेवला. तो मीच धुतला होता.

बाई कामावर लागली. मशीनही आहे अजून, असू दे. फक्त त्यात सहावा प्रश्न मी भांडून घालायला लावला: तुमच्याबद्दल घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी बोलू द्या.

दोन महिन्यांनी सकाळी सकाळी दिरांचा फोन. आमच्याच घरचं दूध तिनं परत पाठवलं होतं, कॅनला वास येतोय म्हणून. तेही सगळ्या गावादेखत, रांगेतनं.

"वैनी, ह्या बाईला तुम्हीच घेतलीसा न्हवं?" दीर फोनमध्ये ओरडत होते. "घरच्या माणसालाबी सोडंना झालीया!"

राग आला मला, खोटं कशाला सांगू. सासरच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि गावात आमच्या दुधाला आजवर कुणी नाक मुरडलं नव्हतं. एकदा वाटलं, केंद्रावर फोन लावावा. नंबर तर पाठच होता.

"व्हय," मी म्हटलं, "मीच घेतली. कॅन घासा जावा."